नातीला पायावर घेतलं नाही

माझं माहेर लोणी काळभोरचं. आता सोलापूर रस्त्यानं गेलात तर तुम्हाला कॉलेजंच कॉलेजं दिसतील, पण तेव्हा ते नुसतं गाव होतं, ऊस आणि गुऱ्हाळं, आणि आमची आई गावातल्या तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायची. दाई नव्हे बरं का, बाळंतपण करणारी बाई वेगळी, आईचं काम नंतरचं, पोराला तेल लावायचं, पायावर घेऊन अंघोळ घालायची, बाळंतिणीचं अंग चोळायचं. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर, माझ्याकडे पाणी विसणायचं काम, म्हणजे कढत पाण्यात गार पाणी बेतानं घालायचं. आई म्हणायची, सिंधे, पाणी कोपरानं बघ, हाताला काय कळतंय, हात राबून धोंडा झालेला हाय. शाळा चौथीपर्यंत, पुढे वाचायला माझी मीच शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत आणि पुडीचे कागद वाचत, म्हणून माझं बोलणं निम्मं तिकडचं आणि निम्मं इकडचं, ताई, तुम्ही लिहिताना नीट करा नाहीतर राहू द्या तसंच.

लग्न होऊन बिबवेवाडीत आले. हे कारखान्यात फिटर होते, आता रिटायर आहेत. शेजारच्या घरात जुळी झाली आणि घरात मोठं माणूस कुणी नाही, त्यांची आई, पोरगीच ती, माझ्या दारात उभी राहून रडायला लागली की मला भीती वाटते, हातातनं निसटतील. मी पदर खोचला आणि गेले. ती जुळी मोठी झाली, एक तर आता अमेरिकेत आहे, पण माझं काम तिथनं सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. एका घरातनं दुसऱ्या घरात, पाटी लावली नाही की काही नाही. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोराला नडग्यांवर पालथं घ्यायचं, एक हात तेलाचा, एक हात मानेखाली. पायावर घेतलं की रडणारं पोर दोन मिनिटांत गप्प. तुमच्या धाकटीलाही मीच घातलीय की अंघोळ, तुम्ही दाराआडून बघत होता आणि मी म्हणाले तुम्ही आत जा, तुम्ही घाबरलात की तिला कळतं. आठवतं का? हसताय म्हणजे आठवतं.

तर हे असं. सिंधूमावशी म्हटलं की अंगदुखी गेली, असं लोक म्हणायचे. आणि काय सांगू तुम्हाला, पन्नाशी ओलांडली आणि माझंच अंग माझ्यावर उलटलं.

आधी खांदे धरले. मग पाठ, मग मांड्या, मग कुठलं म्हणून सांगावं, सगळंच. सकाळी उठले की रात्रभर कुणी धोपटल्यासारखं. झोपले असले तरी झोपल्यासारखं नाही. ब्लाउजची शिवण टोचायची, बांगडी जिथं टेकते तिथं दुखायचं, ह्यांनी चहा ठेवताना सहज खांद्यावर हात ठेवला तर मी झटकायची, ते म्हणायचे रागावलीस का. रागावले कुठली, तुमच्या हातानं दुखलं, पण असं कसं सांगायचं नवऱ्याला. आणि डोकं चालेना. बोलता बोलता शब्द हरवायचा. एका घरी बाळाला तेल लावलं की नाही तेच आठवेना, त्याच्या अंगाचा वास घेऊन बघितलं मी.

सांगितलं नाही कुणाला. लाज वाटायची. तुम्हीच सांगा, जिचं पोट दुसऱ्यांची अंगं चोळण्यावर, तिनं माझंच अंग दुखतं म्हणायचं? मला कोण बोलावणार? गल्लीतल्या बायका तर म्हणणारच, हिला काय झालंय, खातेपिते, धडधाकट दिसते, काम नको झालंय.

एक दिवस एका सोसायटीत, नवीनच जोडपं, बाळ महिन्याचं. अंघोळ होत आली होती, शेवटचा तांब्या ओतायचा, आणि माझा हात वरच जाईना. पोर पायावर, तांब्या हातात, आणि हात आपला नाहीच असं. मी हाक मारली. ती मुलगी धावत आली, तिनं बाळाला उचललं, बाळाला काही म्हणजे काही झालं नाही, पण मला पाटावरनं उठता येईना. मग तिचा नवरा आला. माझी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, ओलीचिंब, केस सुटलेले, आणि त्या पोरानं काखेत हात घालून मला उभं केलं. माझ्या लेकीच्या वयाचा पोरगा तो. ताई, मी खालीच बघत होते. चांगली माणसं हो, त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, म्हणाले मावशी तुम्ही आराम करा, आम्ही फोन करू. ओरडले असते तर परवडलं असतं. फोन आला नाही ते सांगायलाच नको.

पुढचे कितीतरी दिवस मी रोजच्या वेळेला पिशवी घेऊन घरातनं निघायची आणि बागेत जाऊन बाकावर बसायची. घरी सांगायचं काय. आणि अक्कल बघा माझी, ह्यांचे रिटायर मित्र त्याच बागेत फिरायला येतात हे ध्यानातच नाही. एक दिवस बघते तर हेच शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, घरी बसायला जागा नाही का आपल्याकडे? तेवढंच. पिशवी घेतली माझ्या हातातनं आणि चालायला लागले. असे आहेत ते.

मग तपासण्या. रक्त काढलं, फोटो काढले, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, तिथंही नॉर्मल. हा शब्द मला शिवीसारखा वाटायला लागला. एकदा रिपोर्ट आणायला जाताना मी रिक्षात देवाला हात जोडले की यात काहीतरी निघू दे. ऐकलंत का, निघू दे म्हणून. लोक निघू नये म्हणून जोडतात. रिपोर्ट चांगला आला आणि मी जिन्यात बसून रडले, आणि येणारीजाणारी माणसं समजली की बाईचं काहीतरी मोठं निघालंय.

आणि उपाय किती सांगतील लोक. एकीनं सांगितलं वांगं-बटाटा बंद कर, वातूळ. दुसरीनं सांगितलं आंबट बंद. तिसरीनं डाळी बंद करायला लावल्या. दूधही कुणीतरी बंद केलं. शेवटी पानात नुसता मऊ भात आणि वर तूप राहिलं आणि मी काडीसारखी झाले आणि दुखणं होतं तिथंच. पण सगळ्यात मोठा घोळ मी माझ्याच धंद्यानं केला. आमच्यात कसं, जितकं दुखतं तितकं रगडायचं, गाठ फोडायची, हेच आम्ही आईच्या हाताखाली शिकलेलो. पलीकडच्या गल्लीत शकिला राहते, तीही न्हाऊ घालते, तिच्या सासूकडनं शिकली, आम्ही दोघींनी घरं वाटून घेतलेली, तिकडची तिची, इकडची माझी. तिला बोलावलं, म्हटलं शकिला, हातानं नको, पाठीवर उभी राहा, टाचेनं तुडव. ती नाही म्हणत होती, म्हणे सिंधूताई, तुम्हाला हात लावला तरी तुम्ही आकसताय. मी म्हटलं तू धंदा करतेस की गप्पा मारतेस. तुडवलं बिचारीनं. त्यानंतर आठवडाभर मी कुशीवर वळू शकले नाही. आणि बरं झाल्यावर मी काय करावं? पुन्हा बोलावलं. मला वाटलं, कमी तुडवलं.

शेवटी ह्यांच्या मित्राच्या सुनेनं एका सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. तिथं मी गेले ती उपकार केल्यासारखी, आता ही पण नॉर्मल म्हणणार. पण त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या झोप कशी लागते. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग खांद्यावर, मानेवर, गुडघ्याच्या आत हलक्या बोटानं दाबून बघितलं, मी कळवळले, तर लगेच हात काढला. फायब्रोमायल्जिया म्हणाल्या, मला ते नाव घरी येईपर्यंत तोंडात बसेना. मग समजावून सांगितलं, की गल्लीतलं एखादं कुत्रं कसं चोरावर भुंकतं तसंच पोस्टमनवर पण भुंकतं, तसं तुमच्या नसांचं झालंय. चोर नाही म्हणून रिपोर्टात सापडत नाही, पण भुंकणं खरंय. तुम्ही त्याला दगड मारताय, मग ते जास्त भुंकणार. मी म्हटलं म्हणजे रगडायचं नाही? म्हणाल्या, अजिबात नाही. तुमचं दुखणं खरं आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

झोपताना घ्यायची एक लहान गोळी दिली. घरी येऊन शेजारणीला दाखवली, तिचा भाऊ औषधाच्या दुकानात, तिनं विचारून सांगितलं, ही तर मनाच्या आजाराची गोळी. झालं. दुखणं खरंय म्हणाल्या आणि गोळी वेडाची दिली, असं मी धरून बसले. एक दिवस घ्यायची, चार दिवस नाही. डब्यात तांदळाखाली ठेवायची. आणि त्यातच वैशालीचा फोन आला, आई, मला दिवस गेलेत.

वैशाली माझी एकुलती एक. दिली विश्रांतवाडीला, जावई आयटीतला, सासू शाळेतनं रिटायर झालेल्या शिक्षिका. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, आमची सून नशीबवान, तिच्या बाळाला न्हाऊ घालायला घरचीच तज्ज्ञ आहे. त्या साधं बोलल्या की टोमणा मारला, त्यांचं कधी कळत नाही. मी म्हटलं हो हो, त्यात काय. गल्लीतली प्रत्येक बाई तेच म्हणायची, सिंधूमावशी, आता तुमच्या घरचंच. सातव्या महिन्यात लेक आली, मी तिच्यासमोर ताठ उभी राहायची, ती झोपली की भिंत धरून बसायची. ह्यांनी सांगितलं पोरीला सांग, मी म्हटलं तुम्ही मधे पडू नका. मला एवढंच पाहिजे होतं की नातवंडाला पहिल्यांदा पायावर मी घेईन. आख्ख्या बिबवेवाडीची पोरं घेतली, ते एक तर घेईनच की.

उन्हाळ्यात मुलगी झाली. नाळ पडली, डॉक्टर म्हणाले आता अंघोळ घाला. विहीणबाई मुद्दाम आल्या, झबली टोपडी घेऊन. मी सकाळपासून तयार, पाणी तयार, पाट मांडला, बसले, पाय लांब केले. वैशूनं बाळाला आणलं, एवढीशी, मूठ गच्च धरलेली. विहीणबाई दारात उभ्या.

खोटं सांगत नाही, एक दिवस रेटलं असतं मी. आजवर रेटतच आलेले. पण वैशूनं तिला माझ्याकडे खाली आणली आणि मला त्या सोसायटीतला तो तांब्या दिसला, हात वर न जाणारा. तिथं ती आई धावत आली. इथं हात गेला आणि मानेखालचाच गेला तर? मी त्या पोरीच्या मुठीकडे बघितलं आणि म्हटलं,

“वैशू, मला जमणार नाही. शकिलाला बोलाव.”

मग विहीणबाई म्हणाल्या, लोकांची पोरं न्हाऊ घालून हात दमले वाटतं, नेमके नातीच्या वेळेला. मी मान वर केली नाही. आणि लाजेवर लाज म्हणजे मला पाटावरनं उठता येईना. वैशूनं बाळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि मला उठवलं, आणि माझ्या अंगाला हात लावल्यावर मी कशी आकसले ते तिला कळलं, तोंड बघितलं मी तिचं.

शकिला आली, पदर खोचतच आली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पोर रडत होती. मग गप्प झाली. आणि ताई, आता तुम्हाला म्हणून सांगते, मला वाईट वाटलं. रडत राहिली असती तर बरं वाटलं असतं मला. अशी मी आजी.

दुपारी वैशू माझ्याशेजारी येऊन बसली. मी सगळं सांगितलं, बाग, रिक्षा, तांदळाखालची गोळी. मला वाटलं जवळ घेईल, तर ती चिडली. बाबांना माहीत, शकिलामावशीला माहीत, आणि मी कोण, भाडेकरू? मी म्हटलं तू पोटुशी होतीस. म्हणाली, पोटुशी होते, बहिरी नव्हते. बोलते अगदी सासूसारखं आता.

पण पुढच्या वेळेला डॉक्टरीणबाईंकडे तीच घेऊन गेली, बाळ कुशीत घेऊन. सगळं धडाधडा विचारलं. बाई म्हणाल्या, गोळी दोन कामांची आहे, मोठ्या मापानं मनाला देतात, एवढ्या लहान मापात ती झोपेला आणि नसांना देतो, तुम्ही वेड्या नाही, पण ती अधूनमधून घेतलीत तर उपयोग नाही, आणि बंद करायची तर मला विचारून. खाण्याचं म्हणाल्या, या दुखण्याचं वेगळं पथ्य असं नसतं, तुम्ही जे सोडलंय ते परत खा. मग भाकरी आली पानात, डाळ आली, ताक आलं, वांग्याची भाजीसुद्धा आली, पहिल्या दिवशी खाताना मी चोरून खाल्ल्यासारखी खाल्ली, काही झालं नाही. जेवायच्या वेळा पाळायच्या, संध्याकाळनंतर चहा नाही, हे मला फार जड गेलं, चहा म्हणजे माझा जीव. ड जीवनसत्त्व कमी निघालं त्याचं औषध वेगळं. आणि चालायचं, पण कसं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि परत, तेवढंच. मी म्हटलं एवढ्यानं काय होतंय. तर म्हणाल्या, तुमचं हेच चुकतं, चांगला दिवस आला की चार दिवसांचं काम काढता आणि मग आठ दिवस पडता. चांगल्या दिवशी पण दुकानापर्यंतच. तुम्हाला सांगते, दुखण्याच्या दिवशी उठणं सोपं, पण चांगल्या दिवशी परत फिरणं फार अवघड. दुकानाशी उभी राहायची मी, पाय पुढं जायला बघायचे. आता पुढच्या चौकापर्यंत जाते, हळूहळू वाढवलं.

शकिला पाठीवरनं नुसता कोमट रुमाल फिरवते कधीतरी, दाबत नाही. माझी सगळी घरं आता तिच्याकडे आहेत.

दुखणं गेलं का म्हणाल, तर नाही. पण झोप लागते. सकाळी भिंत धरावी लागत नाही रोज.

ह्या संक्रांतीला नातीचं बोरन्हाण केलं विश्रांतवाडीला, विहीणबाईंनी सोसायटीतल्या सगळ्या बायका, पोरं बोलावली. नात आता बसते, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मधोमध बसवलेली. मला म्हणाल्या, आजी, तुम्ही सुरुवात करा. मी ओंजळीनं तिच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, रेवड्या घातल्या, ती डोळे मिटायची आणि उघडायची. सगळ्या बायका हसत होत्या. आणि उभ्या उभ्या माझी पाठ पेटायला लागली. आदल्या दिवशी लाडू वळले होते, ऐकलं नव्हतं मी. पूर्वी असतं तर हसत उभी राहिले असते, नाहीतर देवाला जायचंय म्हणून खोटं सांगून सटकले असते. मी विहीणबाईंना सगळ्यांसमोर म्हटलं, माझं दुखतंय, मी आत जाऊन पडते. कान तापले माझे. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं, ते मी बघितलं.

विहीणबाई माझ्या मागनं आत आल्या. मला वाटलं आता काहीतरी ऐकवणार. त्यांनी पलंगावरचे कपडे बाजूला केले आणि म्हणाल्या, “आमच्याकडे पडायला परवानगी लागत नाही. दिवा घालवू का?” आणि घालवला. मी तिथं अंधारात पडून होते, बाहेर पोरं बोरं वेचायला एकमेकांच्या अंगावर पडत होती, त्यात माझी नात कुठली ते आवाजावरनं ओळखत होते.

डॉक्टरीणबाई म्हणतात दुखणं कमी होत जाईल, पण सोबत राहील. राहू दे. लाजेचं औषध काही त्यांनी दिलेलं नाही. अजून कुणाच्या घरी तान्हं बाळ आलं की ते घर चुकवून मी दुसऱ्या बाजूनं जाते, माहितीय मला वेडेपणा आहे तो. जमेल तसं तेही करीन, एखादा दिवस त्या दारावरनं जाईन.

तुमचं कसंय आता, धाकटीच्या वेळेला कंबर धरली होती तुमची, अजून धरते का? अशी मान हलवू नका, नीट सांगा. आणि दुखत असेल तर घरात आधी सांगा, मग मला सांगा. पोरींना सुखी ठेवो देव. बसा, ताक आणते, चहाची वेळ गेली माझी.